उभ्या गाडीचा एसी

"वहिनी, एसी झकास चालतोय. बर्फ पडायचा तेवढा बाकी आहे," गाडीची एक चक्कर मारून आलेले गॅरेजवाले उस्ताद म्हणाले.

ही तिसरी खेप, आणि निकाल तिसऱ्यांदा तोच.

"अहो, धावती गाडी गारच असते! सिग्नलला थांबली की गरम हवा येते. पंधरा दिवस सांगतेय मी. जरा उभी करून बघा ना."

"उभ्या गाडीचा एसी कोण बघतं?" उस्तादांनी तिच्या डोक्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "साहेब, वहिनींना उकडतं का जरा जास्त?"

"बाळ झाल्यापासून होतं तसं," नवरा डॉक्टरच्या थाटात म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारपासून तिचं ऑफिस सुरू होणार होतं. पाळणाघरापर्यंत चाळीस मिनिटं, त्यातली पंचवीस सिग्नलवर. बाळाच्या इवल्याशा मानेवर आत्ताच घामोळ्यांना जागा पुरत नव्हती. काच खाली करावी तर धूर. काल पोर रडून रडून दमलं आणि तिच्याकडे असं बघत राहिलं, जणू एसी आईनेच बिघडवला होता.

पहिल्या खेपेला गॅस भरून झाला, दुसऱ्या खेपेला फिल्टर बदलून झाला. शेवटी तिने स्वतः बॉनेट उघडून पाहिलं. एसी चालू, आणि पुढचा पंखा ढिम्म! गाडी धावताना समोरच्या वाऱ्यावर भागत होतं, थांबली की संपलं. हेही तिने सांगितलं होतं. "पंख्याचं आमच्यावर सोडा हो," एवढंच उत्तर मिळालं होतं.

"बरं," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "दोघंही जरा मागे बसा. तिथे कसलासा आवाज येतो, तेवढा ऐका."

बाळाच्या खुर्चीच्या दोन बाजूंना दोघं अंग चोरून बसले. तिने इंजिन आणि एसी चालू ठेवला, मागच्या काचांची बटणं लॉक केली, चाइल्ड लॉक लावून दारं बंद केली, आणि बाळाला घेऊन झाडाच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

पाचव्या मिनिटाला काचेवर थापा पडल्या.

"अगं, दार उघड! भट्टी झालीय नुसती!"

"अय्या! बाळ झालं वाटतं तुम्हालाही?"

"वहिनी, गरम हवा येतेय हो!"

"असं कसं? बर्फ पडला की सांगा, उघडते."

बर्फाऐवजी उस्ताद पडले, दार उघडताच, घामाने निथळत. तसेच जाऊन बॉनेटमध्ये वाकले. पंख्याच्या वायरची पिन निसटली होती. त्यांनी ती खटकन बसवली, पंखा घरघरला. ती बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसली. उभ्या गाडीत गार हवा आली.

"साहेब, पंखा होता," उस्ताद कपाळ पुसत म्हणाले. "असले फॉल्ट अनुभवाशिवाय सापडत नाहीत."

"मला शंका होतीच," साहेब म्हणाले. दोघांनी हात मिळवले.

तिने तोंड उघडलं. पंधरा दिवसांची उत्तरं जिभेवर धक्काबुक्की करत होती. तेवढ्यात खांद्यावर काहीतरी जड झालं. बाळ झोपलं होतं. ओठ किंचित उघडे, मुठीत तिच्या केसांची बट.

अतिशय संतापून, अजिबात आवाज न करता, तिने दार लावून घेतलं.