आप्पा आणि लँकेशायरचे विणकर

आप्पा कोष्टी आधी समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळतात. "कापड बरं आहे," किंवा "फसवलं की ओ तुम्हाला," असा निकाल देतात आणि मग नमस्कार करतात. आमच्या सबर्बमध्ये, पेंडल हिलमध्ये, घरं दाखवत फिरणाऱ्या एजंटचीसुद्धा बाही त्यांनी अशीच तपासली. तो बिचारा थँक्यू म्हणाला.

आप्पा मूळचे इचलकरंजीचे. तिथलं मागाचं शेड विकून ते मुलाकडे, मंदारकडे, सिडनीला आले आणि माझे शेजारी झाले. आल्या आल्या त्यांना कळलं की आमच्या सबर्बचं नाव इंग्लंडात लँकेशायरमधल्या एका डोंगरावरून पडलंय, आणि त्या डोंगराभोवतीची गावं विणकरांची होती. नवी सोयरीक निघाल्यासारखा आनंद झाला त्यांना.

तेव्हापासून ती गावं त्यांना तोंडपाठ आहेत. घरोघरी हातमाग होते, मग गिरण्या आल्या, गिरण्यांना माणसं पुरेनात म्हणून आपल्या भारत-पाकिस्तानाकडची माणसं तिकडे गेली, आणि शेवटी गिरण्याच बंद पडल्या. "गिरणी गेली ते सगळेच सांगतात ओ," आप्पा म्हणतात, "माणसं कुठं गेली ते सांगा की." त्यातली निम्मी ऑस्ट्रेलियात आली, असं त्यांचं ठाम मत आहे. आमच्या प्लंबरला त्यांनी सांगून टाकलं, "युवर ग्रँडफादर, वीव्हर."

"नो मेट, बुचर."

"नो वरीज. माग गेल्यावर बुचर झाले असतील."

स्वतःच्या शेडबद्दल विचारलं की मात्र "चहा टाकू का?" म्हणत आत जायचे.

समोरच्या घरातल्या जीनबाईंचे आजोबा खरोखरच त्या गावांतले निघाले. मग काय, जीनबाईंनी आप्पांना लायब्ररीतल्या स्थानिक इतिहासाच्या मंडळींपुढे बोलायला उभं केलं. मंदार धास्तावला. "तू पुढेच बस गं," तो मला म्हणाला, "आप्पा कुणाची बाही धरतील, नेम नाही. आणि मला नेमकी शिफ्ट आहे."

आप्पा मोडक्या पण बेधडक इंग्रजीत बोलले. गोऱ्या लोकांना त्यांच्याच पणजोबांचं गाव इचलकरंजीचा माणूस समजावून सांगत होता. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईला मी दोनदा सांगितलं, "ही इज माय नेबर."

शेवटी जीनबाईंनी विचारलं, "अँड ऑन युवर लूम्स, आप्पा? हू वर्क्ड देअर?"

आप्पा माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाले, "शेड विकलं त्या दिवशी मी गेलोच नाही गं. दुसऱ्याकडून निरोप धाडला. इतकी वर्षं ज्यांनी माग चालवले, त्यांना तोंड दाखवायचा धीर झाला नाही. पुढं त्यांचं काय झालं, तेही विचारलं नाही."

मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. जीनबाईंनी पर्समधून पेन काढलं. "त्यांची नावं सांगा," त्या म्हणाल्या, "आमच्या विणकरांसोबत तीही इथे लायब्ररीत नोंदवून ठेवू."

आप्पांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि ताठ उभे राहिले. "सिद्राम. हुसेन. बाळू कांबळे. सुताच्या कांड्या भरणारी लक्ष्मीबाई." मी डोळे पुसत स्पेलिंग सांगत होते. लक्ष्मीबाईंपाशी ते अडखळले, पण ते खाली बसले नाहीत. त्यांनी एकही नाव गाळलं नाही, आणि शेवटचं नाव लिहून होईपर्यंत हॉलमधलं कुणीही उठलं नाही.