फांदी एक, खाती तीन

तीन सरकारी खात्यांना एका फांदीखाली उभं करणं हा माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली. मी मात्र गंभीर होतो. नगरपालिकेत माझं पदच मुळी समन्वय अधिकारी!

प्रकरण साधं होतं. शाळेच्या फाटकासमोरच्या झाडाची एक मोडकी फांदी विजेच्या वायरवर रेलली होती, आरामखुर्चीत पसरावं तशी! खालून पोरं जाणार. शाळा सुटायच्या आत ती उतरवायलाच हवी होती.

अग्निशमन दल म्हणालं, "आधी वीज बंद करा, मग शिडी लावतो." वीजवाले म्हणाले, "आधी रस्ता बंद करा, मग वीज बंद करतो." पोलीस म्हणाले, "रस्ता आत्ता बंद करतो!" झालं की! मी चहा मागवला.

हवालदारांनी रस्ता असा बंद केला की मुंगीलाही वळसा पडावा. वायरमनची गाडीसुद्धा अडवली!

मी धावत गेलो. "अहो, हे वीज बंद करायला आलेत!"

"मग करू देत की. रस्ता बंद आहे."

"तो यांच्यासाठीच बंद केलाय!"

"यांच्यासाठीच बंद केलाय, तर यांनाच कसं सोडू?"

शेवटी वायरमन हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून, काहीबाही पुटपुटत चालत आला. वीज बंद झाली. एका वायरची नाही, अख्ख्या भागाची! चौकातले सिग्नल विझले आणि हवालदार तिकडे पळाले. बॅरिकेड्स तेवढी जागेवर राहिली. दलाची शिडी वर सरकू लागली, तोच बायकोचा फोन.

"अहो, माझी आई लिफ्टमध्ये अडकली! घरी जायला निघाली होती, बॅगेसकट अडकलीय! आतून सारखं तुमचं नाव घेतेय!"

"काळजीनं?"

"नाही!"

"माणूस आधी, फांदी नंतर," म्हणत, फोनवरचं ऐकलेले दलाचे साहेब गाडी घेऊन थेट माझ्या घराकडे. मी वायरमनचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. "बाबा रे, वीज चालू कर, लिफ्ट आपोआप सुटेल!"

"दलाच्या साहेबांनी सांगितल्याशिवाय हात लावणार नाही."

साहेबांना फोन लावला. ते ओरडले, "खबरदार! बाई अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर आहेत!"

इतक्यात मागे कडाड् असा आवाज झाला. वाट बघून कंटाळलेली फांदी स्वतःच खाली आली, वायर घेऊन! खाली चिटपाखरूही नव्हतं. पाठोपाठ शाळेची घंटा झाली.

संध्याकाळपर्यंत तिन्ही खात्यांनी वर कळवलं, फांदी आम्ही उतरवली. "मग उचला आता!" मी म्हणालो.

"ते आमच्याकडे येत नाही!" तिघं एका सुरात बोलले.

अखेर मुख्याध्यापिकाबाईंनी आणि मी ती ओढत कडेला लावली.

फांदीवरच्या मुंग्यांनी चावलेलं अंग खाजवत घरी पोचलो, तर सासूबाई आमच्या खोलीत. बॅग रिकामी, कपाट भरलेलं.

"जावईबापू, त्या लिफ्टमध्ये मी पुन्हा पाऊल टाकायची नाही."

"जिना आहे ना!"

"सहा मजले? या गुडघ्यांनी?"

मी गुपचूप माझी उशी उचलली आणि बाहेरच्या सोफ्याची लांबी पायांना पुरते का ते बघू लागलो. नाही पुरत.