गोठ्यातला खोकला

“पोटातलं ओठी येऊ दे बाळा, नाही तर घशी दाटेल,” असं आत्या लहानपणी त्याचे केस विंचरता विंचरता म्हणायची. बायकोला पीएचडीची जागा मिळाली, त्या दिवशी गुरांच्या डॉक्टरला तो आवाज पुन्हा ऐकू आला.

बायकोही गुरांचीच डॉक्टर. तिचा विषय वासरांचा खोकला. गोठ्यात माइक टांगायचा आणि खोकला ऐकून यंत्रानं आजार आधीच ओळखायचा. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. हा “बरं झालं” म्हणाला आणि खोकला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो वासरं बघायच्या निमित्तानं त्याच गोठ्यात जाई आणि पांढऱ्या कालवडीच्या कानाशी लागे.

“परीक्षेला माझ्या वह्या वाचायची ती. खो, खो. आता ती संशोधन करणार, आणि आम्ही शेळ्यांना जंताचं औषध पाजणार.”

कालवड त्याची बाही चघळत सगळं ऐकून घेई. तिला कुणाचा हेवा नव्हता.

इकडे बायकोच्या मोबाइलवर खोकल्याचा आलेख चढत चालला. वासरांना ना ताप, ना नाक वाहणं. दूध तर घटाघटा पीत होती. तिचे सर धावत आले.

“साथ दिसतेय. हा कळप संशोधनातून बाद करावा लागेल. दुसरा मिळेलच असं नाही.”

तिचा चेहरा उतरला. “अहो, तुम्ही तरी तपासा. तुमचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.”

हे ऐकून त्याच्या घशात काटाच रुतला. त्यानं एकेका वासराच्या छातीला नळी लावली. छात्या स्वच्छ होत्या. जळजळ होती ती नळीच्या दुसऱ्या टोकाला.

“वासरं ठणठणीत आहेत,” तो म्हणाला.

“मग खोकतंय कोण?” सरांनी विचारलं.

त्यानं श्वास रोखला. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी तरारलं, आणि शेवटी खोकल्याचा बांध फुटला. बायकोच्या हातातला मोबाइल लगेच वाजला. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘आजारी वासरू’.

“रोज संध्याकाळी तुम्हीच?” तिनं विचारलं.

“मीच.”

“पण खोकायला गोठ्यात कशाला यायचं?”

“घरी तू असतेस.”

तो कालवडीच्या कपाळावरून हात फिरवत पुटपुटला, “त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. तुला बोललो नाही.”

सर एकदम दाव्याची गाठ तपासू लागले.

“तुला घेतलं, ते बरोबरच केलं त्यांनी.” त्यानं घसा खाकरायला तोंड उघडलं, पण घसा मोकळाच होता.

“अभिनंदन गं,” तो म्हणाला.