दोन पट्ट्यांचं माहेर

आमच्या शेजारच्या चंद्राआत्या महिन्यातून एकदा आपल्या ओटीवर सरळ आडव्या पडत, डोळे मिटून घेत आणि मला हाक मारत, "बघ गो, पाय झाकले काय?"

पहिल्यांदा ती हाक ऐकून मी चुलीवरचं दूध तसंच टाकून धावले होते. सापगावात सून म्हणून येऊन मला आठवडाही झाला नव्हता. बघते तर बाई ताठ पडलेल्या आणि अंगावर हातभर रुंदीचा एक विणलेला पट्टा. मी घाबरत घाबरत म्हटलं, पाय झाकलेत, पण डावी बाजू सगळी उघडी आहे. त्यावर एक डोळा उघडून म्हणाल्या, "र्‍हाऊ दे. दुसरा पट्टा मागावर हाय. सध्या अर्धीच मेलेय." तिकडे माझं दूध उतू गेलं ते गेलंच.

माग म्हणजे केवढा, तर पाटाएवढा. आत्या एका आश्रमशाळेत कामाला होत्या. तिथला विणकामाचा वर्ग बंद पडला आणि माग चुलीत जायची वेळ आली, तेव्हा बाईंनी तो डोक्यावर घेऊन घरी आणला. त्यावर अख्ख्या शालीची रुंदी बसत नाही, म्हणून दोन पट्टे विणायचे आणि मधोमध शिवायचे. सूतही स्वतःच कातलेलं, कुठे दोरीसारखं जाड, कुठे केसासारखं. लग्न असो, मयत असो की दवाखान्याची रांग, आत्यांच्या हातातली आणि तोंडातली, दोन्ही टकळ्या चालूच. शहापूरच्या बाजारात मिलची शाल किती मऊ मिळते असं कोणी बोललं, की त्या त्याच्याकडे अशा बघत की माणूस चहा न घेता उठे.

एवढा अट्टहास कशासाठी? तर बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं वस्त्र पडायला हवं, ही आमच्याकडची रीत. आत्यांचं माहेर भातसा धरणाच्या पाण्याखाली. एकुलता एक भाऊ कसारा घाट चढून गेला तो गेलाच. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. भावकीतल्यांनी भलेपणाने सांगून पाहिलं, वस्त्राची काळजी करू नका, आमी आणू. आत्या उसळल्या. "तुमी सासरचे. सासरचं जन्मभर नेसले, पुरे झालं. गाव बुडालं, मी नाय बुडाले. माझं माहेर मी विणीन."

एकदा तापाने फणफणल्या होत्या. डॉक्टर गंभीर चेहरा करून नाडी बघत होते, तर त्यांनाच ऐकवलं की आत्ता काय जमायचं नाय, पट्टा अर्धा हाय. दोन दिवसांनी बाई मागावर हजर. ही यमालासुद्धा ओटीवर बसवून सूत गुंडाळायला लावेल, याची मला खात्रीच पटली.

मग माझ्या धाकट्या दिराने वनिताला लग्न करून आणलं. मुरबाडकडची पोर, जात वेगळी. तिच्या बापाने एसटीडी बूथवर निरोप ठेवला, आमची पोर आमाला मेली. आमच्या सासूबाईंनी तिला घरात घेतलं खरं, पण जिभेला हाड नाही. वर्षाने मुलगा झाला. बारशाला बाळंतविडा आजोळहून यायचा असतो. पाळणा सजला, बायका जमल्या आणि जिची तिची नजर दाराकडे. सासूबाई मोठ्याने सुस्कारल्या, आजोळच नाय त्याचा कसला बाळंतविडा! वनिताची मान जी खाली गेली ती वर येईना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सासूबाईंना चार शब्द ऐकवायचेच म्हणून मी पदर खोचला, तेवढ्यात चंद्राआत्या आत आल्या.

हातात टकळी नव्हती. काखेत तो पुरा झालेला पट्टा होता. पाळण्याशेजारी फतकल मारून त्यांनी कात्री मागितली आणि मी देते न देते तोच पट्टा मधोमध कापला. एका तुकड्यात बाळाला गुंडाळलं, दुसरा वनिताच्या खांद्यांवर टाकला. कापलेल्या कडा लगेच उसवायला लागल्या होत्या.

"आजोळहून आलाय," सासूबाईंच्या डोळ्यांत बघून त्या म्हणाल्या. "पाण्याखालनं यायचा, म्हणून जरा उशीर झाला. कोणाला काय बोलायचंय?"

सासूबाईंनी गुपचूप घुगऱ्या वाटायला घेतल्या.

संध्याकाळी मी आत्यांकडे डोकावले. म्हटलं, आता हो? तर म्हणाल्या, "आता काय, पहिल्यापासनं. मेली मरायची पण सोय र्‍हायली नाय." हसल्या, पण हात मागावर नुसतेच ठेवलेले. किती वर्षांचं सूत होतं ते. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर ओटीवरून ती हाक काही आली नाही.

सव्वा महिना भरला तशी वनिता बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर पडली, ती थेट शेजारी गेली. मी मागोमाग होतेच. आमच्या घरात कधी चढा आवाज न काढलेली ती पोर मागासमोर उभी राहून म्हणाली, "आत्या, दुसरा पट्टा विणायची घाई करू नका. तुमचं माहेरचं वस्त्र मी आणीन."

आत्या हातातल्या पेळूचा कापूस चिवडत बसल्या. डोळे भरले होते, ते लपवायचं मात्र त्यांना सुचलं नाही. मग नाक ओढून पोरीला दरडावलं.

"आण. पण मिलचं नको हां. मिलचं आणलंस तर उठून बसेन."

आणि बाळ आपल्या मांडीवर घेऊन त्यांनी टकळी तिच्या हातात दिली.