तांदळातलं नाव

कागदपत्रांच्या बाबतीत डॉ. पद्माकर सोवनींचा हात धरणारा माणूस लंडनच्या अख्ख्या पिनर उपनगरात नव्हता. ही माहिती पिनरला त्यांनीच दिली होती. त्यामुळे चार वर्षांच्या वीणासाठी इंग्लंडात कायम राहण्याची परवानगी काढायची वेळ आली, तेव्हा ते बायकोला म्हणाले, "तू फक्त कोट घालून बस. बोलायचं काम माझं."

सुलक्षणाबाईंनी कपाटातून कोट काढला. दोघांच्या परीक्षा आणि हॉस्पिटलातल्या नाइट ड्यूट्या चालू होत्या तेव्हा वीणा दोन वर्षं सांगलीला आजीकडे होती. आता कुठे पोरगी आईच्या कुशीत झोपायला लागली होती. परवानगी नाकारली, तर तिला पुन्हा विमानात बसवायचं.

इमिग्रेशन ऑफिसात मिसेस बार्लो म्हणून बाई होत्या. त्यांनी कागद उलटले आणि एका जागी थांबल्या.

"जन्मदाखल्यावर आईचं नाव शशी आहे. या कोण?"

"माझी बायको," डॉक्टर म्हणाले.

"आणि शेजारी बसल्यात त्या?"

"हीसुद्धा माझीच बायको."

हे जरा निराळ्या तऱ्हेनं मांडता आलं असतं, असं डॉक्टरांना वाटलं. पण तोवर ते बोलून झालं होतं.

"शशी सध्या कुठे असतात?"

"शशी आता नाही. लग्नाच्या दिवशीच संपली. आमच्यात तशी पद्धत आहे."

मिसेस बार्लोंनी पेन्सिल ठेवली आणि पेन उचललं. "कुणी संपवलं?"

"माझ्या आत्यानं. ताटात तांदूळ घेतले आणि—"

"कसले तांदूळ?"

"साधेच. आंबेमोहोर."

बाईंनी तेही लिहून घेतलं. प्रकरण हाताबाहेर चाललंय हे ओळखून डॉक्टरांनी खिशातलं हुकमाचं पान टाकलं: सासूबाईंचं ताजं पत्र. "हे पाहा. पाकिटावरचं नाव वाचा, म्हणजे खुलासा होईल."

मिसेस बार्लोंनी वाचलं. "शशीबाईंना गेल्या आठवड्यात पत्र आलंय. तुमच्याच पत्त्यावर."

"तेच तर म्हणतोय मी."

"म्हणजे दोघी एकाच घरात राहतात."

डॉक्टरांनी पत्र परत खिशात घातलं. बाई वीणाकडे वळल्या. "तुझ्या मम्मीचं नाव काय गं, बाळ?"

"सांगलीला शशी," वीणा म्हणाली. "इथे सुलक्षणा." मग प्रामाणिकपणे भर घातली, "आणि बाबा 'अगं' म्हणतात."

पेन पुन्हा चाललं. "ही तिसरी कुठे असते, डॉक्टर?"

"तिन्ही मीच आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. पर्समधून त्यांनी कॉलेजचं ओळखपत्र काढलं. दोन वेण्या, हनुवटीवर तीळ, खाली नाव शशी. "आमच्याकडे लग्नात सासरचे मुलीचं नाव बदलतात. नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात. माझ्या वडिलांना ते अजून पटलेलं नाही. दाखला त्यांनीच काढला, म्हणून जुनं नाव पडलं. पण मुलगी माझी आहे. तिला आता परत पाठवू नका."

मिसेस बार्लोंनी फोटोतला तीळ पाहिला, समोरचा पाहिला.

"नाव बदलायच्या आधी तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मी लग्नाआधी हॉजेस होते," बाई म्हणाल्या. "पण डोरीन तेवढं ठेवू दिलं मला." मग चष्म्यावरून डॉक्टरांकडे पाहिलं. "तुमचं काय बदललं?"

"माझं? काही नाही."

"अस्सं." शिक्का इतक्या जोरात बसला की वीणा दचकली. परवानगी मिळाली होती.

परतीच्या गाडीत वीणा आईच्या मांडीवर झोपून गेली. डॉक्टरांचं मन भरून आलं. मिसेस बार्लोंचे उपकार, या देशाचे उपकार, सासऱ्यांचेसुद्धा. आणि सगळ्यात जास्त शेजारी बसलेल्या बाईचे, जिला त्यांनी नुसतं कोट घालून बसायला सांगितलं होतं. हे सगळं तिला सांगावं असं घरी येईपर्यंत मनात घोळत होतं. सोफ्यावर टेकल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हाक मारली, "शशी."

वीणाला घेऊन आत जाता जाता त्या थबकल्या. चेहरा उजळला.

"जरा चहा टाकतेस?"

"शशी लग्नाच्या दिवशीच संपली," आतल्या खोलीतून आवाज आला. "तुम्हीच सांगितलंत ना सरकारला."

डॉक्टर उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी उकळलं, चहापत्ती सापडली. साखरेचा डबा कुठे असतो हे विचारायला ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. पण हाक नेमकी कोणत्या नावानं मारावी ते ठरेना.

चहा बिनसाखरेचाच झाला.