सी-चारशेतीनमधली सात माणसं

कृष्णात जगदाळे हा नक्षत्रवैभव सोसायटीत सहकुटुंब राहतो, असा ठराव कमिटीने एकमताने मंजूर केला. कृष्णातचं लग्न झालेलं नाही. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कमिटीनेही तसंच समजायचं ठरवलंय.

तर कृष्णात कामोठ्यात एकटा राहायचा आणि न्हावा शेव्याला एका फॉरवर्डिंग कंपनीत कंटेनरची कागदपत्रं करायचा. आपला तांदूळ सेनेगलला जातो आणि तिकडचे कागद फ्रेंचमध्ये असतात. साहेब म्हणाले, "फ्रेंच शिक, तो डेस्क तुझा." म्हणून त्याने प्रियदर्शिनी मॅडमचा ऑनलाइन क्लास लावला. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "क्रियापद नियमित असलं की फक्त शेपूट बदलतं. बाकी काही होत नाही." बाकी काही होत नाही, हे कृष्णातने लिहूनसुद्धा घेतलं.

गृहपाठाचं क्रियापद होतं 'आबिते', म्हणजे राहणे. वर्तमानकाळाची सगळी रूपं म्हणून क्लासच्या ग्रुपवर आवाज टाकायचा होता. क्लासच्या ग्रुपच्या फोटोत आयफेल टॉवर होता. सोसायटीच्या ग्रुपच्या फोटोत गच्चीवरचा मोबाइल टॉवर. नखाएवढ्या गोलात सगळे टॉवर सारखेच दिसतात, यात कृष्णातचा काय दोष?

"जाबीत, त्यू आबीत, इल आबीत, एल आबीत..." हे खणखणीत आवाजात सोसायटीला गेलं. चूक कळताच त्याने ते घाईघाईने डिलीट केलं, पण फक्त स्वतःपुरतं. त्यामुळे आता ते संपूर्ण सोसायटीत एकट्या कृष्णातलाच ऐकू येत नव्हतं.

रविवारी सकाळी सेक्रेटरी बाबासो काकांनी त्याला ऑफिसात बोलावलं. कृष्णातचा भाडेकरार संपत आला होता आणि पुढच्या करारासाठी सोसायटीची एनओसी हवी होती. कमिटीने नुकताच नियम केला होता, की बॅचलरला जागा नाही. त्याने अर्जात गयावया केली होती, 'मी एकटाच राहतो, माझा कुणाला त्रास नाही.' एनओसी मिळाली नाही, तर महिनाअखेरीला गादी आणि कुकर घेऊन फुटपाथवर.

"सुनीतीताई, सांगा ह्याला, काय बोललाय ते," बाबासो म्हणाले.

सुनीतीताई खजिनदार. मुलीला नववीत फ्रेंच होतं आणि तिचा अभ्यास घेता घेता ताईंनाच ते जास्त यायला लागलं होतं. "मी राहतो, तू राहतोस, तो राहतो, ती राहते, आम्ही राहतो, तुम्ही राहता, ते राहतात," त्यांनी सांगितलं.

"सात!" बाबासोंनी टेबलावर थाप मारली. "आणि अर्जात लिहितोस, एकटा हाय!"

"काका, ती क्रियापदाची रूपं आहेत!"

"रूपं किती का असंनात. माणसं किती, ते बोल."

"तुम्ही शाळेत संस्कृत घेतलं नव्हतं का?"

"घेतलं होतं. पर ते सोसायटीच्या ग्रुपवर नव्हतं टाकलं!" बाबासोंचा आवाज चढला. "आणि 'तू राहतोस' म्हंजे कोन? मी? माझा फ्लॅट ए विंगला हाय!"

"ते सोडा," सुनीतीताई म्हणाल्या, "ही 'ती' कोण?"

कृष्णात संतापला. एखाद्या माणसाला स्वतःच्या पैशाने वर्तमानकाळ शिकायची सोय नाही का? "वर चला," तो ओरडला, "बघा किती जण सापडतात!"

कमिटी वर सी-चारशेतीनमध्ये गेली. एक गादी, एक ताट, एक टूथब्रश. कृष्णातने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"शी!" सुनीतीताईंनी तोंडाला पदर लावला. "सात जणांत एक टूथब्रश?"

शेवटचा उपाय म्हणून कृष्णातने वॉचमन भगवानला बोलावून घेतलं. "भगवानदादा, तुम्ही गेटवर असता. सांगा यांना, माझ्याकडे कोणी राहतं का?"

"कोनी नाय, साहेब. सात मानसं आत गेली असती तर मला दिसली नसती का?"

"तू झोपला असशील," बाबासो म्हणाले.

भगवानने नोकरीचा विचार केला. "दिसली की, साहेब. रोज दिसतात. बाई तर लय चांगल्या हायेत, येता-जाता हसतात."

"भगवानदादा!"

"खोटं कशाला बोलू, दादा?"

आता बाबासो गादीवर बसले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. सहा महिने लोक त्यांना छळत होते, की टँकर मागवूनही टाकीतलं पाणी जातं कुठे. "सात मानसं!" ते पुटपुटले. "म्हंजे पानी हितं मुरत होतं. ताई, आता कोन बोलंल मला?"

"पण मग काढायचं का यांना?" ताईंनी विचारलं.

"काढलं आणि तरीबी पानी पुरलं नाय, तर?" बाबासो दचकले. "नाय नाय. नियम बॅचलरचा हाय. हितं 'ती' हाय, 'आम्ही' हाय, 'ते' हायेत. ही तर फॅमिली झाली! फॅमिलीला कसली मनाई?"

कृष्णातने तोंड उघडलं. एकटा आहे म्हणून शपथ घेतली तर बॅचलर, म्हणजे फुटपाथ. त्याने तोंड मिटलं आणि बाबासोंनी पुढे केलेल्या एनओसीवर, कुटुंबप्रमुख म्हणून, रागारागाने सही केली.

"ब्रश तेवढे घ्या," जाता जाता सुनीतीताई म्हणाल्या. "आणि तिला हळदीकुंकवाला पाठवा."

त्याच संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर मॅडमचा निरोप आला, 'वर्तमानकाळ छान झाला. उद्यापासून भूतकाळ. क्रियापद तेच.' कोणता टॉवर आहे ते कृष्णातने तीनदा तपासलं आणि लिहायला बसला.

'प्रति,
मा. प्रियदर्शिनी मॅडम, फ्रेंच वर्ग.

महोदया, वर्गात उद्यापासून भूतकाळ सुरू होत असल्याचे समजले. "राहत होतो, राहत होतास, राहत होती" असे माझ्या तोंडून कोणाही रहिवाशाने ऐकल्यास आम्ही सर्वांनी जागा सोडली असे धरण्यात येईल. तरी माझा नवा भाडेकरार संपेपर्यंत फ्रेंच भाषेतील भूतकाळ स्थगित ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
कृष्णात जगदाळे व इतर सहा'