चारशे सतरा नंबरचे आभार

फोन बंद पडून सव्वीस दिवस झाले होते. शालूबाई रोज सकाळी देवपूजा आटोपली की रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या, आत काही घरघर ऐकू येते का बघायच्या आणि मग तो असा आदळायच्या, की खाली दुकानात बसलेल्या गणपतरावांना माडीवर काय झालं ते न विचारता कळायचं.

शाहूपुरीत गणपतराव यादवांचं ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि वर घर. तक्रार नोंदवायला ते समोरच्या औषधाच्या दुकानातून फोन ऑफिसला फोन लावायचे. पलीकडचा माणूस नंबर विचारून घ्यायचा आणि म्हणायचा, "थांबा, तुमच्या फोनवर रिंग देऊन बघतो." दोन मिनिटांनी परत यायचा. "घरात कुणी उचलत नाही हो."

"बंद हाय म्हणूनच तुमास्नी सांगाय आलोय की," गणपतराव म्हणायचे.

"मग घरात कुणीतरी थांबा," तो सांगायचा आणि ठेवून द्यायचा.

हे असंच चाललं असतं, आणि दिवाळीपर्यंत चाललं असतं तरी बिघडलं नसतं, पण एका शुक्रवारी भिलईहून शालूबाईंच्या भावाची तार आली. त्यांची आई, तानाबाई, भावाकडे असायची. पित्ताशयात खडा झाला होता, सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं, आणि तानाबाई अडून बसल्या होत्या की शालीशी बोलल्याबिगर टेबलावर झोपणार नाही. डॉक्टर रविवारी संध्याकाळी आपल्या खोलीतला फोन वापरू देणार होते. तुमचा फोन लागत नाही, काहीतरी करा, असं भावानं कळवलं होतं. औषधाचं दुकान रविवारी बंद. तारघरातून उलटा फोन लावावा, तर डॉक्टरांच्या खोलीत आई नेमकी कधी असेल ते कुणाला ठाऊक. शालूबाईंनी तार तीनदा वाचली आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी गल्लीच्या तोंडाला, खांबावर, एक लाइनमन चढलेला दिसला. शालूबाई पदर खोचून खांबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"पावणं, खाली या."

"काकी, मला ह्या गल्लीतलं एकच काम दिलंय आज. तुमचं न्हाय ते," वरून उत्तर आलं.

"आदी खाली तर ये."

तो खाली आला. त्याचं नाव गौस मुजावर. हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं यायचा, नऊ वर्षं हंगामी होता. शालूबाईंनी त्याच्या हातात तार ठेवली. त्यानं ती वाचली आणि घडी घालून परत दिली.

"उद्या सुट्टी हाय माझी," तो म्हणाला. "पर येतो. माझी बी आई हाय."

आणि खरंच आला. रविवारी भर दुपारी, ऑफिसची शिडी खांद्यावर घेऊन. तीन खांब चढला, उतरला, आणि तिसऱ्यावर त्याला गंजून तुटलेला जोड सापडला. चार वाजता फोनमध्ये घरघर सुरू झाली. तोवर गणपतराव त्याला चहा चहा करत होते, पण त्याचा रोजा होता. घरी पोचून रोजा सोडायचा म्हणून तो शिडी ऑफिसात ठेवून तसाच स्टेशनवर गेला.

रात्री आठला भिलईचा कॉल आला. तीन मिनिटांतली दोन दोन्हीकडच्या हॅलो हॅलोत गेली. मग आईचा आवाज आला.

"शाले, माझी पितळी परात तू न्हेलीस का थोरलीनं?"

"मीच न्हेली, आई."

"मग हरकत न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "थोरलीनं न्हेली आसंल म्हणून जीव लागत नव्हता." आणि त्या ऑपरेशनला तयार झाल्या. सोमवारी संध्याकाळी तार आली, आई सुखरूप. शालूबाई देवासमोर बसून मनसोक्त रडल्या.

आता कोल्हापूरच्या माणसाला उपकार फेडायची एकच रीत ठाऊक असते, समोरच्याला पाटावर बसवायचं आणि तो नको नको म्हणेपर्यंत वाढायचं. मंगळवारी गौस गल्लीत दिसला तेव्हा शालूबाईंनी त्याला हाताला धरून माडीवर आणला. पण रमजानचे अजून आठ दिवस बाकी होते. तो पाणीसुद्धा घेईना. धोतरजोडी पुढे केली, तीही घेईना. "काकी, ड्यूटीच हाय ती माझी," एवढंच म्हणत राहिला. शालूबाईंच्या छातीत ते उपकार तसेच अडकून राहिले.

"ऱ्हाऊ दे. तुझ्या सायबाला चिठ्ठी लिवून कळवतो आमी," त्या म्हणाल्या.

"नको काकी," गौस म्हणाला. त्याला नक्की कसली भीती वाटली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पत्र गणपतरावांनी लिहिलं. आयुष्यभर त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्यांना माल का आला नाही एवढ्याच विषयावर पत्रं लिहिलेली, त्यामुळे हातवळण तेच. वर विषय टाकला, 'आमचे फोनबाबत.' पहिलं वाक्य, 'सदर फोन सव्वीस दिवस बंद होता.' दुसरं, 'आपले कर्मचारी गौस मुजावर हे आमचे घरी आले होते.' आभार दुसऱ्या पानावर होते.

फोन ऑफिसच्या खिडकीवर सयाजीराव निकम नावाचे कारकून बसायचे. त्यांच्याकडे चार रजिस्टरं होती. नवीन फोन, जागा बदल, बिल आणि तक्रार. आभाराचं रजिस्टर सरकारनं दिलेलं नव्हतं, कारण तशी गरजच कधी पडली नव्हती. निकमांनी पहिली दोन वाक्यं वाचली आणि पत्र योग्य त्या रजिस्टरात चढवलं. आठवड्यानं शालूबाईंच्या घरी छापील कार्ड आलं. 'आपली तक्रार क्रमांक ४१७ नोंदवली आहे. ती लवकरात लवकर दूर केली जाईल.'

"काय दूर करणार हाईत हे?" शालूबाईंनी विचारलं.

"आपलं आभार," गणपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुंडू नावाचा दुसरा लाइनमन आला. त्यानं फोन उघडला, फुंकर मारली, बंद केला.

"दोष काय हाय?" त्यानं विचारलं.

"दोष न्हाय. फोन झ्याक चाललाय."

"मग तक्रार कशाची?"

"गौसनं चांगलं काम केलंय, म्हणून."

गुंडूनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. वहीत त्यानं लिहिलं, 'उपकरणात दोष नाही. ग्राहकाचे म्हणणे गौस मुजावर यांच्या कामाबद्दल आहे.' एकही अक्षर खोटं नव्हतं. पण त्या शेऱ्यावरून चारशे सतरा नंबर तारांच्या तक्रारीतून उठला आणि माणसांच्या तक्रारीत जाऊन बसला.

चार दिवसांनी गौस स्वतः माडीवर आला. ईद होऊन गेली होती, पण चेहरा उतरलेला. हातात मेमो. 'आपल्या कामाबाबत ग्राहकाची तक्रार आहे. खुलासा करावा.'

"काकी, अकरा जणांची कायम करायची यादी निघालीया. येत्या शनिवारी दुपारच्या टपालानं पुण्याला जाणार. ज्याच्यावर तक्रार हाय त्याचं नाव गाळत्यात," तो म्हणाला. "नऊ वरसं ह्याच यादीची वाट बघितली मी. घरात बायकोला, चाँदबीला, अजून सांगितलं न्हाय."

शालूबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या माणसानं आपली आई ऑपरेशनला उभी केली, त्याच्याच पोटावर आपण पाय दिला.

"आत्ताच्या आत्ता दुसरी चिठ्ठी लिवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आन ह्या खेपेला नीट खुलासेवार लिवा. काय सुदिक सोडू नगासा."

गणपतरावांनी काही सोडलं नाही. असा माणूस शोधून सापडायचा नाही, त्यानं आपली सुट्टी मोडली, कुणाची परवानगी मिळायची वाटही बघितली नाही, रविवारी ऑफिसची शिडी एकट्यानं उचलून आणली आणि उपाशीपोटी तीन खांब चढला, असं सगळं मनापासून लिहिलं. शालूबाईंनी ऐकून डोळे पुसले. गणपतराव स्वतः जाऊन खिडकीत देऊन आले.

शुक्रवारी गौसला दुसरा मेमो मिळाला. सुट्टीच्या दिवशी विनापरवाना काम का केलं, शिडी कुणाच्या हुकमानं बाहेर नेली, आणि उपाशीपोटी खांबावर चढून सुरक्षेचा नियम का मोडला. शिवाय एकाच ग्राहकानं पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा तक्रार केलेली. तिला चारशे एकतीस नंबर पडला होता.

"काकी, पाया पडतो," गौस म्हणाला, "आता आणि काय चांगलं लिवू नगासा."

शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला शालूबाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या. गौस फाटकापाशी सायकल धरून उभा. निकमांनी दोन्ही पत्रं काढून आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली, आणि चष्मा काढला.

"बाई, हे तर आभार हाईत."

"मग मी काय म्हणालो? पयल्यापासनं आभारच हाईत," गणपतराव मागून म्हणाले.

"व्हय, पर नंबर पडलाय की. पडलेला नंबर खोडता येत न्हाय. तक्रार मिटली म्हणून सही करायला लागती." निकमांनी दोन छापील कागद पुढे सरकवले. 'माझी तक्रार पूर्णपणे दूर झाली असून आता माझे काहीही म्हणणे उरलेले नाही.'

शालूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी एकेक अक्षर जुळवत ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणणं उरलं न्हाय म्हंजे? मला त्येचं काय वाटत न्हाय, असंच की हे."

"कागदावर तसंच हुतंय."

"माझी आई तिकडं जित्ती हाय. सकाळी चा पीत बसली आसंल. आन मी हितं लिवून देऊ, माझं त्येच्याबद्दल काय म्हणणं न्हाय?"

"बारा वाजता सायेब घरी जात्यात," निकम हळू आवाजात म्हणाले. "त्येच्या आत ह्यावर त्यांची सही पायजे. तर यादीत नाव घालता येईल. मग तुमी बघा."

शालूबाईंनी फाटकाकडे बघितलं. गौस इकडे बघतही नव्हता. सायकलची घंटी रुमालानं पुसत होता, आणि ती पुसून झाल्यावर पुन्हा पुसायला लागला. शालूबाईंना फार वाईट वाटलं. देवाच्या दारात खोटं बोलल्यासारखं वाटत होतं, पण त्याचं भलं व्हायचं तर त्याच्या उपकाराला नाही म्हणण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. त्यांनी मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि दोन्ही कागदांवर सही केली.

पुढचं काम खरं तर शिपायाचं. पण शिपाई चहाला गेला होता, आणि घड्याळात सव्वाअकरा झालेले. निकम स्वतः उठले. सत्तावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, गुडघ्यांनी अधू झालेला माणूस दोन जिने चढून साहेबांकडे गेला. साहेबांनी शिडीचा खुलासा मागितला म्हणून खाली येऊन शिडीचं रजिस्टर घेऊन पुन्हा चढला. शिडी रविवारी संध्याकाळी जागेवर परत आल्याची नोंद त्यांनी साहेबांना बोट ठेवून दाखवली. तिथून टायपिस्टकडे गेले, ती पिशवी आवरून उठलेली, तिला हात जोडून बसवली. पावणेबाराला ते खिडकीत परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"झालं," ते धापा टाकत म्हणाले. "अकरावं नाव. पाकीट चिकटवूनच आलोय."

गणपतराव गौसला सांगायला फाटकाकडे जवळजवळ पळतच गेले. शालूबाई तिथंच राहिल्या. त्यांनी जाळीतून आत बघत दोन्ही हात जोडले.

"निकम, लई उपकार झालं बगा तुमचं."

निकमांनी घाम पुसता पुसता हात थांबवला. एकतीस वर्षं ते त्या जाळीमागे बसत होते. लोकांनी जाळीतून त्यांना काय काय म्हटलं होतं, त्यात त्यांच्या आईवडिलांचाही उल्लेख असायचा.

"काय म्हणालासा?" त्यांनी विचारलं.

"उपकार झालं, म्हणालो."

निकम खुर्चीत बसले. इकडे तिकडे बघितलं. शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं.

"बाई," ते जाळीजवळ तोंड आणून म्हणाले, "एवढं लिवून देता काय?"

शालूबाईंनी जोडलेले हात खाली घेतले. "आन मेमो आला म्हंजे?"

"मेमो निघायला ह्या खात्यात पाच आठवडं लागत्यात. गौसचा लवकर निघाला, ते यादीमुळं. मी चार आठवड्यांनी रिटायर हुतोय." त्यांनी तक्रारीचं रजिस्टर पुढे ओढलं आणि कोरी ओळ काढली. तारीख घातली, पुढचा नंबर घातला. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सावकाश, घोटीव अक्षरात लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि पेन उचलून तयार बसले.

"हं, सांगा आता तुमचं म्हणणं," ते म्हणाले. "सावकाश सांगा. आज गर्दी न्हाय."